घड्याळ पुढे, सूर्य तिथेच

मार्चच्या दुसऱ्या रविवारी न्यू जर्सीतल्या आमच्या स्वयंपाकघरात दोन वेळा नांदत असतात. फोनवर सव्वाआठ, मायक्रोवेव्हवर सव्वासात. अमेरिकेच्या बहुतेक भागांत त्या दिवसापासून नोव्हेंबरपर्यंत घड्याळं तासभर पुढे ठेवतात; हीच ती उन्हाळी वेळ, म्हणजे ‘डेलाइट सेव्हिंग टाइम’. फोनने रात्री दोनचे आपोआप तीन करून घेतलेले असतात. मायक्रोवेव्ह, ओव्हन आणि गाडीतलं घड्याळ हाताने पुढे करावं लागतं. तिकडे साताऱ्यात बाबा आमच्या-त्यांच्या वेळेतला फरक म्हणून कालनिर्णयवर लिहिलेले ‘साडेदहा तास’ खोडून ‘साडेनऊ’ करतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी हेच सगळं उलट.

खरी परीक्षा सोमवारी असते. शुक्रवारी सकाळी सातला लेक शाळेच्या बससाठी निघाली तेव्हा अंगणात कोवळं ऊन होतं. सोमवारी त्याच सातला बाहेर झुंजुमुंजू असतं, कारण सूर्य आता सव्वासातच्या सुमाराला उगवतो. उठवायला गेलं की ती डोळे न उघडताच म्हणते, “आई, अजून रात्र आहे.” तिचं म्हणणं खरं आहे. तिच्या शरीराच्या हिशेबाने अजून रात्रच असते.

मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, सुमारे २० हजार पेशींचा एक पुंजका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ ते हेच. झोप कधी यावी, रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं मेलाटोनिन हे संप्रेरक कधी पाझरावं, पहाटे अंगाचं तापमान कधी चढू लागावं, हे त्याच्या तालावर चालतं. मात्र त्याचा दिवस नेमका २४ तासांचा नसतो. माणसांत तो सरासरी २४ तास ११ मिनिटांच्या आसपास भरतो. म्हणजे रोज थोडं मागे पडणारं हे घड्याळ आहे आणि रोज त्याला पुढे सारावं लागतं. ते काम सकाळचा उजेड करतो. डोळ्याच्या दृष्टिपटलात काही खास पेशी असतात, त्यांच्यात मेलानॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. समोरचं चित्र दाखवणं हे त्यांचं मुख्य काम नाही. बाहेर किती उजेड आहे, एवढं त्या पुंजक्याला कळवत राहतात. सकाळी उजेड मिळाला की आतलं घड्याळ पुढे सरकतं, रात्री मिळाला की मागे.

मार्चमधला बदल सकाळचा उजेड काढून घेतो आणि संध्याकाळी देतो. शरीराला पुढे जायला सांगायचं आणि त्याला पुढे नेणारा उजेडच कमी करायचा, असा हा प्रकार आहे. नोव्हेंबरचा बदल त्यामानाने सोपा जातो, कारण मागे पडणं हा त्या घड्याळाचा स्वभावच आहे.

याची किंमत मोजली गेली आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, मार्चच्या बदलानंतरच्या आठवड्यात जीवघेण्या मोटार अपघातांचा धोका सुमारे ६ टक्के वाढलेला दिसला. मिशिगनमधल्या रुग्णालयांच्या नोंदींत त्या सोमवारी हृदयविकाराचे झटके २४ टक्के जास्त आढळले होते. आठवड्याचा एकूण आकडा मात्र वाढला नव्हता, हेही सांगायला हवं. ज्यांचं हृदय आधीच नाजूक होतं, त्यांचा झटका बहुधा दोन-चार दिवस अलीकडे आला.

मग हे सुरू कुणी केलं? शेतकऱ्यांसाठी केलं, असं इथे सर्रास ऐकू येतं. ते खरं नाही. शेतकऱ्यांचा याला विरोध होता. गाय काही घड्याळ बघून पान्हा सोडत नाही, आणि गवतावरचं दव सूर्य चढल्याशिवाय वाळत नाही. मूळ कल्पना न्यूझीलंडच्या जॉर्ज हडसन यांची. ते टपाल खात्यात नोकरी करत आणि उरलेल्या वेळात किडे गोळा करत. कामावरून सुटल्यावर उजेड हवा म्हणून १८९५ साली त्यांनी घड्याळ दोन तास पुढे करायचं सुचवलं. इंग्लंडमध्ये विल्यम विलेट या घरबांधणी व्यावसायिकाने १९०७ पासून हाच ध्यास घेतला. त्यांची योजना हळुवार होती: एप्रिलच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटं. शरीराच्या दृष्टीने ती आजच्या एका फटक्यापेक्षा शहाणपणाची होती, असं मला वाटतं. १९१५ साली विलेट गेले. पुढच्याच वर्षी, ३० एप्रिल १९१६ला, महायुद्धात कोळसा वाचवायला जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीने घड्याळं पुढे केली. तीन आठवड्यांनी ब्रिटननेही केली.

भारतानेही हे केलं आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२च्या सप्टेंबरपासून १९४५च्या ऑक्टोबरपर्यंत, आपली प्रमाणवेळ तासभर पुढे होती. मुंबईला तर ती जास्तच जाणवली असणार. मुंबईची जुनी स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती, म्हणजे तिथे सूर्य एरवीही बाराऐवजी साडेबारा उलटून गेल्यावर माथ्यावर येतो. युद्धकाळात तो दीड वाजून गेल्यावर यायचा. मात्र आपल्याकडे दर वर्षी असं करण्यात काही अर्थ नाही. मुंबईचा सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, सर्वांत लहान अकराचा. लंडनमध्ये तोच फरक साडेसोळा आणि आठ तासांचा आहे. वाटून घ्यायला जादा उजेडच नसेल, तर तास सरकवून मिळणार काय?

विजेची बचतही आता फारशी उरलेली नाही. इंडियाना राज्याच्या मोठ्या भागात २००६ साली ही पद्धत आली, तेव्हा घरगुती वीज वापर सुमारे १ टक्का वाढलेला आढळला. दिव्यांची वीज वाचली, पण एसी आणि हीटरने ती खाऊन टाकली.

त्यामुळे आता बदल नको, एकच वेळ ठेवा, असं बरेच लोक म्हणतात. कोणती, यावर सगळं अडतं. संध्याकाळी उजेड हवा म्हणून अनेकांना कायमची उन्हाळी वेळ आवडते. अमेरिकेने ती जानेवारी १९७४मध्ये लागू करून पाहिली. मुलं अंधारात शाळेला जाऊ लागली, पालक चिडले, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये ती मागे घ्यावी लागली. आमच्याकडे त्या वेळेप्रमाणे जानेवारीत सूर्य आठ वाजून वीस मिनिटांनी उगवेल. निद्राविकारतज्ज्ञांच्या अमेरिकन अकादमीने २०२०मध्ये कायमच्या प्रमाणवेळेची बाजू घेतली. माझंही मत तेच आहे. सकाळच्या उजेडाला पर्याय नाही.

तोवर आम्ही विलेट यांचीच वाट धरली आहे. त्या रविवारच्या आधी बुधवारपासून लेकीला रोज पंधरा मिनिटं लवकर निजवतो. रविवारी उन्हं आली की तिला बाहेर नेतो. आभाळ भरलेलं असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो. रात्री जेवणं झाली की मोठे दिवे बंद. तरीही आठवडाभर ती पेंगुळलेलीच असते. मार्चच्या शेवटी सूर्योदय पावणेसातच्या आत येतो, आणि बस येते तेव्हा अंगणात पुन्हा ऊन असतं.