लक्षणं शमणं वेगळं, माणूस सावरणं वेगळं

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाचे भास थांबले, झोप लागू लागली, की घरच्यांना वाटतं, सुटलो. मग महिन्या-दोन महिन्यांत ‘आता कामावर का जात नाहीस?’ सुरू होतं. त्याचं उत्तर ‘आळस’ हे नसतं. शमलीत ती लक्षणं. माणूस अजून सावरतोय.

लक्षणं किती शमली हे डॉक्टर मोजू शकतात. २००५ मध्ये तज्ज्ञांनी ठरवलेला निकष असा: भास (नसलेले आवाज ऐकू येणं वगैरे), भ्रम (खोट्या गोष्टीवर ठाम विश्वास), असंबद्ध बोलणं, भावनांचा कोरडेपणा, लोकांत न मिसळणं अशी ८ मुख्य लक्षणं सौम्य किंवा त्याहून कमी, आणि तीही सलग ६ महिने. म्हणजे पूर्ण गेलीच पाहिजेत असं नाही.

सावरण्याला असं एकच माप नाही. स्वतःचे पैसे स्वतः सांभाळणं, एखादी मैत्री टिकवणं, रोज दोन-चार तास काम करणं... प्रत्येकाचं वेगळं. बहुधा हे सावरणं लक्षणं शमल्यावर बऱ्याच काळाने येतं. पण अधूनमधून आवाज ऐकू येत असूनही नोकरी करणारी माणसं आहेतच; म्हणून ‘पूर्ण बरा होईपर्यंत काही करू नकोस’ हा सल्ला प्रेमाचा असला तरी चुकीचा.

दुसरी चूक जास्त महागात पडते. भास नाहीत, मग गोळ्या कशाला? गोळ्या सोडल्यावर काही आठवडे, कधी काही महिनेही ठीक जातात. त्यामुळे निर्णय बरोबर वाटतो. मग झोप उडते, संशय परततो. पहिल्याच झटक्यानंतरही साधारण १ ते २ वर्षं औषध चालू ठेवतात आणि थांबवायचं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, डोस हळूहळू उतरवत.

राहिला तो ‘आळस’. सकाळी जडपणा आणि दुपारनंतर मोकळं वाटत असेल, तर रात्रीच्या गोळीची सुस्ती असू शकते. वेळ किंवा डोस बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. दिवसभर कशातच रस नाही, चेहरा निर्विकार, बोलणं तुटक, हा बहुधा आजाराचाच भाग. टोमण्यांनी तो जात नाही. उलट घरातल्या सततच्या टीकेने आजार उलटण्याचा धोका वाढतो. त्यापेक्षा ठरलेल्या वेळी एकच छोटं काम द्यावं, सुरुवातीला सोबत करावं, जमलं की दुसरं. मात्र ‘जगून काय करू’ अशी भाषा आली, तर वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावं, तोवर रुग्णाला एकटं सोडू नये.