एनसीएएचा नियम मोडणं वेगळं, कायदा मोडणं वेगळं

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलची किंवा बास्केटबॉलची एखादी भानगड बाहेर आली की मराठीत तिच्याबद्दल ठरलेल्या शब्दांत बोललं जातं. ‘खेळाडूनं बेकायदेशीर पैसे घेतले’, ‘विद्यापीठ दोषी ठरलं’, ‘कोचला शिक्षा झाली’. वाचणाऱ्याला वाटतं, गुन्हा घडला, खटला चालला, निकाल लागला. बहुतेक वेळा यातलं काहीच झालेलं नसतं. मोडलेला असतो तो एनसीएएचा, म्हणजे कॉलेजांमधल्या खेळांचे नियम करणाऱ्या संघटनेचा, नियम. हा घोळ डोक्यात ठेवून ‘एनसीएएचं आता काय होणार’ यावर कितीही वाद घातला तरी तो भरकटतोच.

कायदा मोडला की काय होतं हे कुणाला सांगायची गरज नाही. एनसीएएबद्दल मात्र थोडं सांगायला हवं. ही १९०६ साली सुरू झालेली, इंडियानापोलिसला मुख्यालय असलेली खाजगी संघटना आहे. सुमारे १,१०० कॉलेजं आणि विद्यापीठं तिची सभासद आहेत, आणि नियम या सभासदांनीच केलेले आहेत. नियम मोडला तर दंड होतो, स्कॉलरशिप कमी होतात, मोसमाअखेरच्या स्पर्धांत खेळायला बंदी येते, जिंकलेले सामने नोंदवहीतून वगळले जातात. कोचवर ‘शो-कॉज’ लागतो, म्हणजे त्याला नेमू पाहणाऱ्या दुसऱ्या विद्यापीठानं पुढं येऊन सांगायचं की या माणसाला घेतल्याबद्दल आमच्यावर कारवाई का करू नये. हे सगळं सभासदांच्या कुंपणाच्या आत. मिशिगनचे माजी कोच जिम हार्बो यांच्यावर २०२४ मध्ये चार वर्षांचा शो-कॉज लागला, तेव्हा ते एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये, लॉस एंजेलिस चार्जर्सचे कोच झालेले होते. त्यांच्या त्या नोकरीला धक्काही लागला नाही, कारण एनएफएल एनसीएएची सभासद नाही.

पुरावा किती लागतो, अपील कुठं करायचं, तपास करणाऱ्यांना समन्स काढता येतं का (एनसीएएला येत नाही), हे फरक किरकोळ आहेत. एकदा वाचले की लक्षात राहतात.

आपल्याकडचंच एक प्रकरण आठवा. २०१३ च्या आयपीएल स्पॉट फिक्सिंगमध्ये श्रीशांत, आपला मुंबईचा अंकित चव्हाण आणि अजित चंडिला यांना दिल्लीच्या कोर्टानं २०१५ मध्ये आरोपमुक्त केलं. बीसीसीआयची बंदी तरीही उठली नाही. ‘कोर्टानं सोडलं, मग बंदी कसली?’ असं तेव्हा कितीतरी जण तावातावानं विचारत होते. कोर्टापुढचा प्रश्न फौजदारी कायद्याचा होता आणि बीसीसीआयपुढचा तिच्या स्वतःच्या नियमांचा. अमेरिकेत नेमकं हेच चालतं.

फुटबॉलपटू रेजी बुश हे त्याचं ठळक उदाहरण. यूएससीकडून (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून) खेळताना त्यानं आणि त्याच्या घरच्यांनी मार्केटिंग एजंट होऊ पाहणाऱ्यांकडून पैसे आणि इतर लाभ घेतले, असा एनसीएएचा निष्कर्ष होता. २०१० मध्ये विद्यापीठावर दोन मोसमांची बोल-बंदी (मोसमाअखेरच्या सामन्यांना बंदी) आली, ३० स्कॉलरशिप गेल्या, आणि सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटू म्हणून त्याला मिळालेली हाइसमन ट्रॉफीही गेली. फौजदारी गुन्हा मात्र त्यानं केलेला नव्हता. पेन स्टेट विद्यापीठाचं प्रकरण बरोबर उलटं. तिथला माजी सहाय्यक फुटबॉल कोच जेरी सँडस्कीनं मुलांवर केलेले लैंगिक अत्याचार हा भयंकर गुन्हा होता आणि २०१२ मध्ये त्याला ३० ते ६० वर्षांची शिक्षा झाली. खेळाडूंची भरती, स्कॉलरशिप, पात्रता यांच्या नियमपुस्तिकेत तो गुन्हा बसत नव्हता, तरी एनसीएएनं विद्यापीठावर ६ कोटी डॉलरचा दंड लादला आणि ११२ विजय पुसले. २०१५ मध्ये ते विजय परत द्यावे लागले. माझ्या मते एनसीएएनं तिथं पाऊल टाकायलाच नको होतं. गुन्ह्याचा न्याय करायला कोर्ट होतं, आणि फुटबॉलचे विजय पुसून त्या मुलांना काहीच मिळणार नव्हतं.

आता खऱ्या अडचणीच्या जागी येऊ. ‘नियम वेगळा, कायदा वेगळा’ इथपर्यंत बरेच जण येतात आणि थांबतात. जणू दोन रस्ते शेजारून जातात आणि कुठंच मिळत नाहीत. पण ते मिळतात, कारण नियम स्वतःच कायद्याच्या विरुद्ध असू शकतो. नियम मोडणारा खेळाडू कायद्याच्या आत आणि नियम करणारी संघटना कायद्याबाहेर, अशी स्थिती येऊ शकते, आणि आलेली आहे.

सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल शेजारी ठेवा. दोन्ही न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिलेले. १९८४ मध्ये ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांच्या दाव्यात कोर्टानं सांगितलं, की कुणाचे किती फुटबॉल सामने टीव्हीवर दाखवायचे हे एनसीएएनं ठरवणं १८९० च्या शर्मन कायद्याच्या, म्हणजे मक्तेदारीविरोधी कायद्याच्या, विरुद्ध आहे. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या संस्थांनी एकत्र बसून बाजार बांधून घेतला होता. चार वर्षांनी, १९८८ मध्ये, जेरी टार्केनियन या बास्केटबॉल कोचचं प्रकरण आलं. नेवाडा विद्यापीठाच्या लास वेगास शाखेनं त्यांना दोन वर्षांसाठी दूर करावं, असा एनसीएएचा आग्रह होता. त्यांचं म्हणणं, राज्यघटनेनं दिलेली न्याय्य सुनावणी मला मिळाली नाही. कोर्टानं ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं, की एनसीएए सरकार नाही, त्यामुळं राज्यघटनेचं ते बंधन तिच्यावर नाही, आणि नियम पटत नसतील तर विद्यापीठ बाहेर पडू शकत होतं.

टार्केनियन निकालाकडं बोट दाखवून लोक म्हणतात, बघा, एनसीएएला कोर्ट हात लावत नाही. अर्धंच वाचलेलं असतं. खाजगी संघटना म्हणून तिला राज्यघटनेतली काही बंधनं लागू नाहीत. पण खाजगी आहे म्हणूनच तिला सरकारचं संरक्षण नाही, आणि बाजार बांधणाऱ्या कुठल्याही कंपनीला जे उत्तर द्यावं लागतं तेच तिलाही द्यावं लागतं. (टार्केनियन यांच्याशी एनसीएएनं १९९८ मध्ये २५ लाख डॉलर देऊन तडजोड केली, हेही सहसा कुणी सांगत नाही.)

जून २०२१ मध्ये, माजी खेळाडू शॉन अॅलस्टन यांच्या दाव्यात, सुप्रीम कोर्टानं ९ विरुद्ध ० मतांनी हेच सांगितलं. इथं एक गोष्ट मला फार खटकते. ‘अॅलस्टननं खेळाडूंना जाहिरातीचे पैसे मिळवून दिले’ हे वाक्य सगळीकडं फिरतं आणि ते साफ चूक आहे. अॅलस्टनचा विषय एनसीएएनं मर्यादा घातलेले, शिक्षणाशी जोडलेले लाभ हा होता: पुढच्या पदवीची स्कॉलरशिप, कॉम्प्युटर, इंटर्नशिप, अभ्यासातल्या कामगिरीबद्दल वर्षाला ५,९८० डॉलरपर्यंतचं बक्षीस. स्वतःचं नाव, छबी आणि ओळख वापरू देऊन कमवायची मुभा, म्हणजे एनआयएल, १ जुलै २०२१ पासून आली ती राज्यांच्या कायद्यांमुळं आणि त्या दबावाखाली एनसीएएनं काढलेल्या हंगामी धोरणामुळं. तारखा जवळ आल्या म्हणून कारण एक होत नाही.

नियम आणि कायदा समोरासमोर आलेले पाहायचे तर २०२४ चं टेनेसी घ्या. एनआयएलच्या पैशांवरून एनसीएए तिथल्या विद्यापीठाची चौकशी करत होती. ३१ जानेवारीला टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांच्या अॅटर्नी जनरलनी एनसीएएलाच कोर्टात खेचलं. २३ फेब्रुवारीला फेडरल न्यायाधीशांनी, भरतीच्या वेळी एनआयएलबद्दल बोलणी करायला मनाई करणाऱ्या नियमाला मनाई हुकूम दिला. मग एनसीएएनं तशा चौकशा थांबवल्या. विद्यापीठ ‘निर्दोष’ सुटलं असं काही झालं नाही. ज्या नियमावर चौकशी उभी होती तोच लागू करता येईना. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा फुटबॉलपटू डिएगो पाव्हिया कोर्टात गेला, आणि ज्युनियर कॉलेजातलं (अमेरिकेत हे बारावीनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज) वर्ष खेळण्याच्या ठरावीक वर्षांत मोजण्याचा नियम डिसेंबरमध्ये त्याच्यापुरता थांबला.

याच गोष्टीची दुसरी बाजू मुलांना टेनिस किंवा पोहण्याच्या स्कॉलरशिपवर अमेरिकेला पाठवणाऱ्या आपल्या पालकांनी नीट समजून घ्यावी. एनसीएए एनआयएलला परवानगी देते. एफ-१ व्हिसाचे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसाचे, नियम हा मात्र देशाचा कायदा आहे आणि त्यात काम करून कमवण्यावर कडक मर्यादा आहेत. कॉलेजच्या क्रीडा विभागातलं कुणी ‘चालतं’ म्हणालं तर ते एनसीएएच्या नियमाबद्दल बोलत असण्याची शक्यता जास्त. सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. इथं चुकलं तर सामना नाही, व्हिसा जातो.

आता भवितव्य. ‘एनसीएए बुडणार’ म्हणणाऱ्यांनी आधी तिचा पैसा कुठून येतो ते पाहावं. कॉलेज फुटबॉलची प्लेऑफ स्पर्धा एनसीएए चालवतच नाही. तो पैसा १९८४ च्या निकालानंतर कॉन्फरन्सकडं, म्हणजे विद्यापीठांच्या गटांकडं, गेला. तिची मोठी कमाई मार्चमधल्या पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेची, आणि तिचा टीव्ही करार २०३२ पर्यंत आहे. संघटना उद्या बंद पडत नाही. डळमळतोय तो तिचा नियम करण्याचा आणि लावण्याचा अधिकार. ‘हाउस’ नावाच्या खटल्यात ६ जून २०२५ ला मंजूर झालेल्या तडजोडीनं माजी खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलर द्यायचे ठरले, आणि विद्यापीठांना पहिल्या वर्षी प्रत्येकी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट खेळाडूंना वाटण्याची मुभा मिळाली. त्या मर्यादेवर आणि बाहेरच्या एनआयएल करारांवर नजर ठेवायचं काम कॉलेज स्पोर्ट्स कमिशन या नव्या संस्थेकडं गेलं. पण हे कमिशनही खाजगीच, विद्यापीठांच्या आपसातल्या करारावर उभं. शर्मन कायदा त्याच्याही दारात उभा आहे.

म्हणून एनसीएएचे अध्यक्ष चार्ली बेकर काँग्रेसकडं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडं, मक्तेदारीविरोधी कायद्यातून मर्यादित सूट मागत आहेत. म्हणजे आमच्या नियमाला कायद्याचं कवच द्या. मला हे अजिबात मान्य नाही. एनएफएल आणि एनबीए (व्यावसायिक बास्केटबॉल लीग) यांच्यातही वेतनमर्यादा आहे, ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची संघांनी आळीपाळीनं केलेली निवड) आहे, आणि ते कोर्टात टिकतात, कारण ते खेळाडूंच्या संघटनेशी वाटाघाटी करून ठरलेले आहेत आणि कामगार कायदा अशा कराराला संरक्षण देतो. डार्टमथ कॉलेजच्या बास्केटबॉल खेळाडूंनी मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी युनियनच्या बाजूनं कौल दिला होता. कॉलेजनं वाटाघाटीला बसायला नकार दिला, आणि वर्षाच्या शेवटी युनियननं अर्ज मागं घेतला. काँग्रेसकडून सूट मिळवण्यासाठी जेवढी धावपळ चालली आहे, त्यातली थोडी जरी अशा मुलांशी एका टेबलावर बसण्यासाठी झाली, तर कोर्टात टिकणारे नियम तिथूनच निघतील.