धर्मप्रांतीय अधिवेशन (एपिस्कोपल चर्च)

अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चच्या (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतून निघालेल्या अमेरिकी चर्चच्या) प्रत्येक धर्मप्रांताची (डायोसिसची, म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतील प्रदेशाची) वर्षातून एकदा भरणारी नियामक सभा. बिशप, धर्मप्रांतातील पाळक व डीकन (पाळकाच्या खालच्या श्रेणीचे दीक्षित सेवक) आणि निरनिराळ्या मंडळ्यांनी (स्थानिक चर्चच्या उपासक समुदायांनी) निवडून पाठवलेले सामान्य सभासद एकत्र बसून धर्मप्रांताचे अंदाजपत्रक मंजूर करतात, नियमावलीत बदल करतात, समित्यांच्या निवडणुका घेतात आणि पद रिकामे होणार असेल तेव्हा नवा बिशपही निवडतात. या सभेला बहुतेक ठिकाणी ‘कन्व्हेन्शन’ म्हणतात; टेक्सास, मिसिसिपी अशा काही धर्मप्रांतांत ‘कौन्सिल’ हे नाव रूढ आहे. बिशपपदाची परंपरा प्रेषितांपासून चालत आली आहे असे मानणाऱ्या चर्चमध्ये बिशप मतपत्रिकेने निवडला जावा आणि त्या मतदानात सामान्य सभासदांच्या संमतीवाचून निवड पुरी होऊ नये, ही या संस्थेची खरी ओळख आहे. त्यामुळेच या सभेत बसण्याचा हक्क कोणाला, हा प्रश्न तिच्या सव्वादोनशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात पुन्हा पुन्हा उभा राहिला.

वसाहतींच्या काळात अमेरिकेत चर्च ऑफ इंग्लंडचा एकही बिशप राहत नव्हता. वसाहतींतील मंडळ्या नावापुरत्या लंडनच्या बिशपच्या अखत्यारीत असत. पाळकपदाची दीक्षा घेऊ इच्छिणाऱ्या तरुणाला अटलांटिक ओलांडून इंग्लंडला जावे लागे आणि तो प्रवास सगळ्यांना झेपत नसे. बिशप दूर असल्याने मंडळीचा कारभार स्थानिक सभासदांच्या हाती आला. विशेषतः व्हर्जिनियात ‘व्हेस्ट्री’ हे मंडळीचे कार्यकारी मंडळ इतके प्रबळ झाले, की पाळकाला ठेवायचे की नाही हेही तेच ठरवू लागले. स्वातंत्र्ययुद्धाने ही घडी मोडली. इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घेतलेले अनेक पाळक देश सोडून गेले, काही संस्थानांत चर्चला मिळणारा सरकारी आधार संपला आणि बिशपशिवाय बिशपांचे चर्च कसे चालवायचे, असा पेच उभा राहिला.

या पेचावर दोन वेगळी उत्तरे निघाली. फिलाडेल्फियाचे पाळक विल्यम व्हाइट यांनी १७८२ मध्ये एक पुस्तिका काढून सुचवले, की पाळक आणि सामान्य सभासद यांच्या निवडून आलेल्या सभांवर चर्चची उभारणी खालून वर करावी आणि बिशप मिळेपर्यंत थांबून राहू नये. कनेक्टिकटच्या पाळकांना हे मान्य नव्हते. त्यांनी १७८३ मध्ये वुडबरी येथे सामान्य सभासदांना न बोलावता सभा भरवली आणि सॅम्युएल सीबरी यांना इंग्लंडला धाडले. राजनिष्ठेच्या शपथेमुळे तेथे त्यांचा अभिषेक होऊ शकला नाही, तेव्हा १४ नोव्हेंबर १७८४ रोजी स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे स्कॉटिश बिशपांनी त्यांना बिशपपद दिले. म्हणजे आधी सभा की आधी बिशप, हा वाद नव्या राष्ट्राच्या घटनेआधीच चर्चमध्ये रंगला होता.

मेरीलँडमध्ये १७८० सालीच चेस्टरटाउन येथे पाळक आणि सामान्य सभासद एकत्र बसले होते. पेनसिल्व्हेनियात १७८४ मध्ये तशीच सभा झाली. १७८५ मध्ये फिलाडेल्फियात सात संस्थानांच्या प्रतिनिधींचे पहिले सर्वसाधारण अधिवेशन, म्हणजे सगळ्या चर्चची राष्ट्रीय सभा, भरले. दक्षिण कॅरोलायना या सभेत सामील झाली ती आमच्याकडे बिशप नेमू नये, या अटीवर. बिशप म्हटले की दरबारी सत्ता आठवणाऱ्या लोकांची धास्ती किती खोल होती, हे या एका अटीतून कळते. ब्रिटिश पार्लमेंटने शपथेची अडचण दूर केल्यावर व्हाइट आणि न्यूयॉर्कचे सॅम्युएल प्रोव्होस्ट यांचा ४ फेब्रुवारी १७८७ रोजी लॅम्बेथ येथे अभिषेक झाला, आणि १७८९ मध्ये दोन्ही पक्षांची सांगड घालणारी चर्चची घटना तयार झाली. तिच्यानुसार बिशपांचे एक आणि पाळक व सामान्य सभासद यांचे एक, अशी सर्वसाधारण अधिवेशनाची दोन सभागृहे ठरली. कनेक्टिकटच्या अधिवेशनातही १७९२ पासून सामान्य सभासद बसू लागले. चर्च ऑफ इंग्लंडच्या राष्ट्रीय कारभारात सामान्य सभासदांना कायद्याने असे स्थान मिळण्यास १९१९ साल उजाडावे लागले, हे लक्षात घेतले म्हणजे व्हाइट यांच्या दूरदृष्टीचे मोल कळते.

सर्वसाधारण अधिवेशन तीन वर्षांतून एकदा भरते. मधल्या काळात धर्मप्रांताचा संसार वार्षिक अधिवेशनावर चालतो. एपिस्कोपल चर्चमध्ये शंभराहून अधिक धर्मप्रांत आहेत आणि त्यांत हैती, होंडुरास, तैवान असे अमेरिकेबाहेरचेही येतात. प्रत्येकाची स्वतःची घटना आणि नियमावली असते, म्हणून तपशील ठिकठिकाणी बदलतात, परंतु सांगाडा बराचसा सारखा आहे. धर्मप्रांताच्या पटावर असलेल्या पाळकांना आणि डीकनांना अधिवेशनात पदसिद्ध आसन व मत असते. मंडळ्या आपले प्रतिनिधी वार्षिक सभेत किंवा व्हेस्ट्रीमार्फत निवडतात आणि मंडळीच्या आकारमानानुसार त्यांची संख्या ठरते. स्वतःचा खर्च भागवणारी ‘पॅरिश’ आणि धर्मप्रांताच्या मदतीवर चालणारी ‘मिशन’ मंडळी यांच्या प्रतिनिधित्वातही अनेक ठिकाणी फरक असतो.

अधिवेशन बहुधा शरद ऋतूत, शुक्रवार-शनिवार धरून, कॅथेड्रलमध्ये किंवा एखाद्या हॉटेलच्या मोठ्या सभागृहात होते. अधिकारपत्रांची तपासणी होऊन गणपूर्ती जाहीर झाल्यावर बिशप अध्यक्षस्थानी बसतात. चिटणीस व कोषाध्यक्ष यांच्या निवडी आणि अहवाल, ‘चॅन्सलर’ म्हणजे विधिसल्लागाराची मते, नव्या मंडळ्यांचा प्रवेश, ठराव आणि त्यांवरील दुरुस्त्या असा कामाचा क्रम असतो आणि मध्ये प्रभुभोजनाचा विधी होतो. बिशपांचे वार्षिक भाषण हा त्यातला महत्त्वाचा भाग, कारण धर्मप्रांताची पुढची दिशा बहुधा त्यातूनच जाहीर होते. सगळ्यात अधिक घासाघीस होते ती अंदाजपत्रकावर. प्रत्येक मंडळी आपल्या उत्पन्नातून धर्मप्रांताला वाटा देते, धर्मप्रांत आपल्या उत्पन्नातून राष्ट्रीय चर्चला देतो, आणि हा वाटा किती असावा यावर लहान मंडळ्यांचे जगणे अवलंबून असते. अशा चर्चेत एखाद्या खेड्यातल्या मंडळीचा प्रतिनिधी बिशपांसमोर उभा राहून गळके छप्पर आणि पाळकाचे वेतन यांचा हिशोब मांडू शकतो. ही मोकळीक मला या व्यवस्थेतली सर्वांत मोलाची वाटते.

महत्त्वाच्या बाबतीत ‘श्रेणीनिहाय मतदान’ होते. पाळक आणि सामान्य सभासद स्वतंत्रपणे मत देतात आणि दोन्ही श्रेणींत बहुमत मिळाले तरच ठराव संमत होतो. अधिवेशन संपले तरी त्याने निवडलेली स्थायी समिती वर्षभर बिशपांना सल्ला देते आणि बिशपपद रिकामे असेल तर धर्मप्रांताचा अधिकार सांभाळते. पाळक आणि सामान्य सभासद दोघेही तिच्यात असतात.

बिशपची निवडणूक हा अधिवेशनाच्या आयुष्यातला सर्वांत गंभीर प्रसंग होय. बिशपांना वयाच्या ७२ व्या वर्षी निवृत्त व्हावे लागते, त्यामुळे पद कधी रिकामे होणार हे बहुधा आधीच ठाऊक असते. शोधसमिती उमेदवारांची यादी करते, उमेदवार धर्मप्रांतात फिरून लोकांच्या प्रश्नांना उत्तरे देतात आणि त्यानंतर बहुधा खास निवडणुकीसाठी बोलावलेल्या अधिवेशनात मतदानाच्या फेऱ्या सुरू होतात. दोन्ही श्रेणींत बहुमत मिळेपर्यंत फेरीमागून फेरी होते; मधल्या वेळात प्रार्थना होतात, स्तोत्रे गायली जातात. पाळकांचा कल एका उमेदवाराकडे आणि सामान्य सभासदांचा दुसऱ्याकडे असला, तर हा ताण तासन्‌तास टिकतो. निवड झाली तरी काम संपत नाही. इतर धर्मप्रांतांच्या स्थायी समित्यांपैकी बहुसंख्य समित्यांची आणि धर्मप्रांत सांभाळणाऱ्या बिशपांपैकी बहुसंख्यांची लेखी संमती ठरावीक मुदतीत मिळावी लागते. २००९ मध्ये नॉर्दर्न मिशिगन धर्मप्रांताने निवडलेल्या उमेदवाराला ती मिळाली नाही आणि निवड रद्द ठरली. धर्मप्रांत आपला बिशप स्वतः निवडतो, पण तो सगळ्या चर्चचा बिशप असतो, हे तत्त्व या संमतीमागे आहे.

मॅसॅच्युसेट्सच्या अधिवेशनाने सप्टेंबर १९८८ मध्ये बार्बरा हॅरिस यांना सहायक बिशप म्हणून निवडले आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये त्यांचा अभिषेक झाला; जगभरच्या अँग्लिकन परिवारातील (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतील चर्चच्या समूहातील) त्या पहिल्या स्त्री बिशप होत. न्यू हॅम्पशायरच्या अधिवेशनाने जून २००३ मध्ये जीन रॉबिन्सन या उघडपणे समलिंगी असलेल्या पाळकांची निवड केली, तेव्हा एका लहान धर्मप्रांताच्या मतपत्रिकांनी सगळ्या अँग्लिकन जगात वादळ उठवले. हे निर्णय वरून आले नव्हते. ते घेतले होते स्थानिक मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी.

तरीही या सभेचे दार सर्वांसाठी उघडे नव्हते. फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीयांची सेंट थॉमस मंडळी १७९४ मध्ये धर्मप्रांतात घेण्यात आली आणि तिचे नेते अब्सॅलम जोन्स यांना १७९५ मध्ये डीकनची दीक्षाही मिळाली. परंतु त्या मंडळीने अधिवेशनात पाळक वा प्रतिनिधी पाठवू नयेत, अशी अट घालण्यात आली. ती अट १८६० च्या दशकापर्यंत टिकली. न्यूयॉर्कमधील सेंट फिलिप्स या कृष्णवर्णीय मंडळीने १८४० च्या दशकात प्रवेशासाठी अर्ज केला, तेव्हा अधिवेशनाने तो फेटाळला. गुलामगिरीविरोधी वकील जॉन जे (पहिल्या सरन्यायाधीशांचे नातू) यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला आणि १८५३ मध्ये सेंट फिलिप्सच्या प्रतिनिधींना आसन मिळाले. एकाच प्रभुभोजनात सहभागी होणाऱ्यांना एका सभागृहात मात्र बसू द्यायचे नाही, हा अन्याय होता आणि त्याला कोणतेही धर्मशास्त्रीय समर्थन नव्हते. यादवी युद्धानंतर दक्षिणेतील काही धर्मप्रांतांनी कृष्णवर्णीय मंडळ्यांसाठी वेगळ्या सभा काढून हीच गोष्ट दुसऱ्या रूपात चालू ठेवली.

स्त्रियांची वाटही लांबची होती. मंडळ्यांचे काम आणि निधी यांचा मोठा भार त्याच उचलत, पण अनेक धर्मप्रांतांच्या अधिवेशनांत त्यांना विसाव्या शतकात बराच काळ आसन नव्हते. राष्ट्रीय पातळीवर १९४६ मध्ये मिसूरीच्या एका स्त्री प्रतिनिधीला बसू देण्यात आले, १९४९ मध्ये मात्र निवडून आलेल्या चौघींना नाकारण्यात आले आणि १९७० च्या ह्यूस्टन अधिवेशनात स्त्रियांना रीतसर स्थान मिळाले.

अधिवेशनाच्या अधिकाराची सीमा कुठे संपते, हा प्रश्न दोनदा निर्वाणीला आला. १८६१ मध्ये दक्षिणेतील धर्मप्रांतांनी वेगळे होऊन स्वतःचे चर्च काढले. उत्तरेकडच्या चर्चने त्यांना फुटीर ठरवले नाही. १८६२ च्या सर्वसाधारण अधिवेशनात त्यांची नावे हजेरीत नेहमीप्रमाणे पुकारली गेली आणि युद्ध संपताच १८६५ पासून ते परतू लागले. दुसरी वेळ इतकी सौम्य नव्हती. कॅलिफोर्नियातील सॅन वाकिन धर्मप्रांताच्या अधिवेशनाने २००६ आणि ८ डिसेंबर २००७ अशा लागोपाठच्या दोन बैठकांत घटनादुरुस्ती संमत करून एपिस्कोपल चर्च सोडण्याचा निर्णय घेतला. असे करणारा तो पहिला धर्मप्रांत. २००८ मध्ये पिट्सबर्ग, क्विन्सी आणि फोर्ट वर्थ येथील बहुमताने तोच मार्ग धरला, आणि २०१२ मध्ये दक्षिण कॅरोलायनातील मोठा गट बाहेर पडला. बाहेर पडणाऱ्यांचे म्हणणे असे, की अधिवेशनानेच चर्चशी नाते जोडले, म्हणून तेच ते तोडू शकते. चर्चचे उत्तर असे, की माणसे जाऊ शकतात, धर्मप्रांत जाऊ शकत नाही. १९७९ च्या नियमानुसार मंडळ्यांची मालमत्ता संपूर्ण चर्चच्या विश्वस्तपणाखाली असल्याचा दावाही चर्चने केला. न्यायालयांनी एकमुखी निकाल दिला नाही: कॅलिफोर्नियात मूळ चर्च जिंकले, तर टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये फोर्ट वर्थमधील बाहेर पडलेल्या गटाचा पक्ष मान्य केला. जे मागे राहिले त्यांनी ताबडतोब खास अधिवेशने बोलावून नवे अधिकारी निवडले. सॅन वाकिनमध्ये अशी सभा मार्च २००८ मध्ये लोडाय येथे भरली. धर्मप्रांत अस्तित्वात आहे हे दाखवण्याचा त्यांच्याकडे तोच एक मार्ग होता.

सामान्य सभासदांना कारभारात मत देण्याची ही पद्धत अमेरिकेपुरती राहिली नाही. न्यूझीलंडच्या अँग्लिकन चर्चने १८५७ च्या आपल्या घटनेत बिशप, पाळक आणि सामान्य सभासद अशा तिन्ही श्रेणींना स्थान दिले. भारतातील अँग्लिकन चर्च १९३० मध्ये चर्च ऑफ इंग्लंडपासून कायद्याने स्वतंत्र झाल्यावर येथेही पाळक व सभासद यांच्या संयुक्त सभा स्थिरावल्या. नागपूर येथे २९ नोव्हेंबर १९७० रोजी स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मुंबई, नाशिक, पुणे, नागपूर, कोल्हापूर आदी धर्मप्रांतांत हे काम ‘डायोसिसन कौन्सिल’ करते. त्या चर्चमध्ये इतर प्रॉटेस्टंट परंपराही मिसळल्या असल्याने तिची घडण मात्र वेगळी आहे.

अलीकडच्या काळात सभासदसंख्या घटल्यामुळे काही अधिवेशनांपुढे स्वतःचेच विसर्जन करण्याचा प्रस्ताव आला. क्विन्सीतील उरलेला धर्मप्रांत २०१३ मध्ये शिकागोत विलीन झाला. विस्कॉन्सिनमध्ये मिलवॉकी, फाँड डू लाक आणि ओ क्लेअर या तिन्ही धर्मप्रांतांनी एकत्र येण्याचे ठरवले. २०२४ मध्ये लुइव्हिल येथील सर्वसाधारण अधिवेशनाने त्याला मान्यता दिली आणि त्या संस्थानासाठी पुन्हा एकच धर्मप्रांत आणि एकच अधिवेशन झाले.