नॉर्थ कॅरोलिना प्रारंभिक गर्भारपण अभ्यास

दिवस राहण्याची शक्यता नेमकी कधी असते, गर्भ केव्हा रुजतो आणि कोणाला कळण्याआधीच किती गर्भ पडून जातात, हे निरोगी स्त्रियांमध्ये रोजच्या रोज तपासणारे अमेरिकेतील संशोधन. तेथील राष्ट्रीय पर्यावरण आरोग्यविज्ञान संस्थेतील अ‍ॅलन विल्कॉक्स, क्लॅरिस वाइनबर्ग, डोना बेअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात नॉर्थ कॅरोलिना राज्यात ते केले.

त्याआधी गर्भपाताचे आकडे मुख्यतः दवाखान्यातल्या नोंदींवरून काढले जात. पाळीच्या सुमारास पडून गेलेला गर्भ त्यात येणे शक्यच नव्हते. पाळी चार दिवस पुढे गेली आणि मग आली, एवढेच त्या स्त्रीला जाणवे. पुष्कळदा तेवढेही नाही. गर्भ रुजू लागला की एचसीजी हे संप्रेरक लघवीत उतरते. पण मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येणारे एलएच हे दुसरे संप्रेरक त्याच्याशी इतके मिळतेजुळते असते, की जुन्या चाचण्यांची गफलत होई.

या अभ्यासात २२१ स्त्रिया स्वेच्छेने सहभागी झाल्या. मूल हवे म्हणून त्यांनी गर्भनिरोधक नुकतेच बंद केले होते आणि वंध्यत्वाची तक्रार कोणालाही नव्हती. सकाळची पहिली लघवी बाटलीत धरायची, वर तारीख घालायची आणि बाटली घरच्याच फ्रीजरमध्ये ठेवायची, असा रोजचा क्रम त्यांनी सहा-सहा महिने पाळला. सारे संशोधन या बायकांच्या चिकाटीवर उभे आहे. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या काही स्त्रियांचे नमुनेही तुलनेसाठी तपासले, म्हणजे एचसीजीचा खोटा इशारा गर्भ म्हणून मोजला जाऊ नये.

१९८८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष आले. ७०७ मासिक चक्रांत १९८ वेळा गर्भधारणा झाली होती. त्यांपैकी २२ टक्के गर्भ गर्भारपण लक्षात येण्याआधीच गेले. पुढचे गर्भपात धरून एकूण प्रमाण ३१ टक्के भरले. याहून मोलाची बाब पुढची आहे. ज्या ४० स्त्रियांचे गर्भ असे नकळत गेले होते, त्यांपैकी ९५ टक्के स्त्रियांना दोन वर्षांच्या आत पुन्हा दिवस राहिले आणि ते रीतसर निदानातही आले. एकदा असे झाले म्हणून वंध्यत्वाची धास्ती घेण्याचे कारण नाही, हे यातून स्वच्छ दिसते. लवकर होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचा दोष असतो, हे इतर संशोधनांतून माहीत आहे. तरीही ‘पपई खाल्लीस का’, ‘जड उचललंस का’ हे प्रश्न आपल्याकडे आधी बाईलाच विचारले जातात. हे थांबायला हवे.

त्याच नमुन्यांवरून १९९५ मध्ये फलनक्षम दिवस ठरवता आले. स्त्रीबीज बाहेर पडते तो दिवस आणि त्याआधीचे पाच, अशा सहा दिवसांतल्या संबंधांतूनच गर्भधारणा झालेली आढळली. बीज बाहेर पडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पुढे काही नाही. मूल हवे असलेल्या जोडप्यांसाठी ही माहिती फार उपयोगाची आहे.

१९९९ च्या लेखात गर्भ केव्हा रुजतो, हे मांडले गेले. टिकलेल्या गर्भांपैकी ८४ टक्के गर्भ बीज सुटल्यानंतर आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी रुजले होते. उशीर होईल तसा धोका वाढत गेला: नवव्या दिवसापर्यंत रुजलेल्यांपैकी १३ टक्के लवकर गेले, दहाव्या दिवशी रुजलेल्यांपैकी २६, अकराव्या दिवशीच्यांपैकी ५२ आणि त्यानंतर रुजलेल्यांपैकी ८२ टक्के. मात्र गर्भ सदोष म्हणून उशिरा रुजतो, की उशिरा रुजल्याने गर्भाशयाचे अस्तर त्याला धरून ठेवत नाही, हे एवढ्यावरून सांगता येत नाही.

सहभागी स्त्रिया बहुतांशी गोऱ्या व सुशिक्षित होत्या आणि वंध्यत्वावर उपचार घेणारी त्यांत कोणी नव्हती. त्यामुळे हे आकडे आयव्हीएफ (शरीराबाहेर फलन घडवण्याचा उपचार) घेणाऱ्या किंवा वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रीला जसेच्या तसे लावू नयेत.