सरकार नाही, पण कारभार आहे

युरोपियन युनियनला सरकार म्हणावं असं काही नाही. तिथे कायद्यांचे प्रस्ताव मांडणारं कमिशन आहे, सदस्य देशांच्या मंत्र्यांची परिषद आहे, थेट निवडून आलेली संसद आहे, न्यायालय आहे, आणि या सगळ्यांच्या ओढाताणीतून कायदे होतात. ‘गव्हर्नन्स’ला मराठीत कुणी ‘शासन’ म्हणतं, कुणी ‘सुशासन’. पण इथे आपला जुना ‘कारभार’च चपखल बसतो, कारण सरकार नसतानाही कारभार असू शकतो. पदव्युत्तर पातळीवर या कारभाराचा अभ्यास कसा सुरू झाला, ते मुळापासून पाहण्यासारखं आहे.

मे १९४८ मध्ये हेगला युरोपभरातले राजकारणी, लेखक, कामगार पुढारी जमले होते. बेचिराख झालेला खंड पुन्हा उभा करायचा तर निरनिराळ्या देशांतल्या पदवीधरांनी एकत्र राहून शिकायला हवं, हा आग्रह स्पॅनिश विचारवंत साल्व्हादोर दे मादारियागा यांनी तिथे धरला. ही शिक्षणसंस्था आपल्याच गावात व्हावी म्हणून बेल्जियममधल्या ब्रुजच्या लोकांनी कंबर कसली आणि १९४९ मध्ये तिथे ‘कॉलेज ऑफ युरोप’ स्थापन झालं. पहिले रेक्टर हेन्‍ड्रिक ब्रुगमन्स १९७२ पर्यंत त्या पदावर होते. चार-पाच वर्षांपूर्वी ज्यांचे वडील आणि भाऊ एकमेकांवर बंदुका रोखून उभे होते, त्या देशांतली मुलं इथे एका वसतिगृहात राहू लागली, एका टेबलावर जेवू लागली.

तारखा नीट पाहा. युनियनची पहिली पायरी ठरलेल्या कोळसा आणि पोलाद समुदायाचा करार झाला एप्रिल १९५१ मध्ये, आर्थिक समुदाय उभारणारा रोमचा करार मार्च १९५७ मध्ये. म्हणजे ज्या संस्थांचा अभ्यास करायचा त्या जन्मायच्या आधीच वर्ग भरत होते! मला या इतिहासात सर्वांत भावते ती हीच गोष्ट.

पुढे विषयाला खरा आकार दिला तो कायद्याने. मिलानच्या फ्लामिनिओ कोस्टा या वकिलाने १,९२५ लिरांचं विजेचं बिल भरायला नकार दिला. इटलीने वीज कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं, ते रोमच्या कराराविरुद्ध आहे, असं त्याचं म्हणणं होतं. रक्कम किरकोळ, पण प्रकरण लक्झेंबर्गमधल्या समुदायाच्या न्यायालयापर्यंत गेलं. कोस्टाच्या पदरात फारसं काही पडलं नाही. मात्र समुदायाचा कायदा सदस्य देशाच्या कायद्यापेक्षा वरचढ, हे तत्त्व १९६४ च्या त्या निकालाने घालून दिलं. युरोपियन कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाची या बिलाशी गाठ पडतेच.

बराच काळ हा अभ्यास कायदा, अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र अशा तीन घरांत वाटलेला होता. १९७६ मध्ये फ्लोरेन्सजवळ युरोपियन युनिव्हर्सिटी इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि डॉक्टरेटचं संशोधन तिथे बहरलं. ‘गव्हर्नन्स’ हा शब्द रुळला तो नव्वदच्या दशकात. ब्रसेल्सचा निधी थेट प्रदेशांपर्यंत पोहोचू लागला, तेव्हा राज्यशास्त्रज्ञ गॅरी मार्क्स यांनी ‘बहुस्तरीय कारभार’ ही, म्हणजे युनियन, देश आणि प्रदेश अशा पातळ्यांवर वाटलेल्या कारभाराची, कल्पना मांडली. मग मार्च १९९९ मध्ये गैरकारभाराच्या आरोपांवरून अध्यक्ष जाक सांतेर यांच्या अख्ख्या कमिशनने राजीनामा दिला. जून २००१ मध्ये आयरिश मतदारांनी युनियनच्या संस्थांत बदल करणारा नीसचा करार फेटाळला. त्याच जुलैमध्ये कमिशनने ‘युरोपियन गव्हर्नन्स’वर श्वेतपत्रिका काढली. लोक दुरावत चालल्याची काळजी त्या शब्दामागे होती, हे अभ्यासक्रम वाचताना विसरू नये.

पदवीचा साचा मात्र वेगळ्या वाटेने आला. जून १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यावर २९ देशांनी सह्या केल्या आणि पदवी व पदव्युत्तर शिक्षणाचे वेगळे टप्पे युरोपभर पसरले. २००४ पासून इरास्मस मुंडुस या युनियनच्या योजनेमुळे आपल्याकडच्या मुलांनाही शिष्यवृत्तीवर दोन-तीन देशांत मिळून एक मास्टर्स करता येऊ लागलं.

ब्रुजच्या कॉलेजने १९९२ मध्ये वॉर्साजवळ नातोलिनला दुसरं आवार उभारलं. पोलंड युनियनमध्ये आला २००४ मध्ये, तब्बल बारा वर्षांनी. तिसरं आवार २०२४ मध्ये तिरानात सुरू झालं, आणि अल्बानिया तेव्हा दाराबाहेरच उभा होता.