निष्पर्ण झाड, घड्याळ आणि प्रार्थना

डोंगर, समुद्र किंवा चांदण्यांनी भरलेलं आभाळ पाहून देवावर विश्वास बसला, असं सांगणारे ख्रिस्ती भाविक आजही भेटतात. ही वाट फार जुनी आहे, थेट बायबलपासूनची. तिथे निसर्ग म्हणजे देव नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. 121व्या स्तोत्रात भक्त पर्वतांकडे नजर लावून विचारतो, मला मदत कुठून येईल? उत्तरात पर्वत येत नाहीत, आकाश आणि पृथ्वी घडवणारा परमेश्वर येतो. डोंगरावरील प्रवचनात येशू रानातली फुलं दाखवतो. वैभवात शलमोन राजाही त्यांच्यापुढे फिका, असं म्हणतो आणि लगेच उद्याची चिंता करू नका, याकडे वळतो. रोजच्या भाकरीसाठीची प्रार्थना त्याने शिकवली, तीही याच प्रवचनात, या फुलांच्या थोडी आधी.

चौथ्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात 'माझा देव कोण?' हा प्रश्न पृथ्वीला, समुद्राला, वाऱ्याला विचारला. आम्ही तुझा देव नाही, आमच्या पलीकडे शोध, असं त्यांनी सांगितल्याचं तो लिहितो.

असिसीच्या फ्रान्सिसला लोक पक्ष्यांशी बोलणारा गोड संत करून टाकतात. सूर्याला भाऊ आणि पाण्याला बहीण म्हणणारं त्याचं स्तुतिगीत 1225च्या सुमाराचं. तेव्हा डोळ्यांच्या आजाराने त्याला जवळजवळ दिसत नव्हतं, उजेडही सोसवत नव्हता. पुढच्याच वर्षी तो वारला. सूर्याची ही स्तुती अशा माणसाने केली, हे विसरलं की त्या गीतातला विश्वास हाती लागत नाही.

सतराव्या शतकातल्या ब्रदर लॉरेन्सची गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात नेत्रसुखद असं काहीच नाही. अठराव्या वर्षी हिवाळ्यात त्याने एक निष्पर्ण झाड पाहिलं. थोड्याच दिवसांत याला पालवी फुटेल, मग फुलं-फळं येतील, एवढाच विचार मनात आला आणि देवाच्या सामर्थ्याची जी जाणीव झाली ती कायमची टिकली. पुढे पॅरिसच्या कार्मेल मठात त्याने अनेक वर्षं स्वयंपाकघरात काम केलं. भांड्यांच्या गदारोळातही गुडघे टेकल्यासारखीच प्रार्थना होते, असं तो सांगे.

मग युरोपात वारं बदललं. निसर्गाकडे देवाच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून पाहण्याचा जोर वाढला. इंग्रज पाद्री विल्यम पेलीने 1802 साली घड्याळाचं उदाहरण दिलं: घड्याळ दिसलं की घड्याळजी असणारच, तसंच सृष्टीचं. युक्तिवाद चलाख होता, पण त्यात प्रार्थनेला जागा नव्हती. शिवाय पोर्तुगालमधल्या लिस्बनचा विनाश त्याआधीच घडून गेला होता. 1 नोव्हेंबर 1755, सर्व संतांचा सण, चर्चमध्ये गर्दी, आणि भूकंप. पाठोपाठ समुद्राच्या लाटा आणि आग. तरुणपणी पेली आवडीने वाचलेल्या डार्विनने 1860 साली एका पत्रात लिहिलं की, जिवंत सुरवंटाच्या शरीरात वाढणाऱ्या गांधीलमाश्या दयाळू देवाने मुद्दाम निर्माण केल्या असतील, हे मनाला पटत नाही. बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक सृष्टीतल्या दुःखाच्या या अडचणीपासून कधी पळालंच नव्हतं. तिथे देव वावटळीतून बोलतो, गारा, रानगाढव, शहामृग, कावळ्याची भुकेली पिल्लं दाखवतो आणि दुःखाचं कारण मात्र सांगत नाही.

1934 साली स्विस धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थने तर निसर्गातून देवाचं ज्ञान होतं या मांडणीला ठणकावून 'नाही' म्हटलं. तेव्हा नाझी जर्मनीत रक्त, भूमी आणि वंश यांतही देवाची इच्छा वाचली जात होती, त्यामुळे त्याची भीती निराधार नव्हती.

सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस मात्र नंतर आला. 1989 साली ऑर्थोडॉक्स चर्चचे पॅट्रिआर्क, म्हणजे अग्रगण्य धर्मगुरू, दिमित्रिओस यांनी त्यासाठी 1 सप्टेंबर ठरवला. 2015 साली पोप फ्रान्सिस यांनी तो कॅथलिक चर्चसाठीही स्वीकारला. त्याच वर्षीच्या त्यांच्या पर्यावरणविषयक परिपत्रकाचं नाव असिसीच्या त्या स्तुतिगीतातून घेतलेलं आहे, आणि त्याचा शेवट दोन प्रार्थनांनी होतो.