फ्लोराइड सोडणारं फिलिंग : काय मिळतं, काय नाही

‘दाताच्या रंगाचं सिमेंट भरलं की त्यातून फ्लोराइड येतं आणि पुन्हा कीड लागत नाही’, असं ऐकून बरेच जण आमच्याकडे येतात. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरीची हमी आम्ही देत नाही.

मुळात दाताच्या रंगाची सगळी फिलिंग सारखी नसतात. भरपूर फ्लोराइड सुटतं ते ग्लास आयोनोमरमधून, म्हणजे दवाखान्यात ज्याला जीआयसी म्हणतात त्यातून. ब्रिटनमधल्या विल्सन आणि केंट या संशोधकांनी ते १९७० च्या सुमारास तयार केलं. फ्लोराइड असलेल्या काचेची पूड सौम्य आम्लात कालवली की ती घट्ट होते आणि काचेतलं फ्लोराइड मोकळं होतं. पहिले एक-दोन दिवस ते सर्वाधिक सुटतं, काही आठवड्यांत झपाट्याने उतरतं आणि मग वर्षानुवर्षं अगदी थोडं थोडं येत राहतं. हे प्रमाण इतकं कमी असतं की मुलांच्या पोटात गेलं तरी काळजी नको. रेझिन (प्लास्टिकसारखा पदार्थ) मिसळलेलं जीआयसी साधारण असंच वागतं. काँपोमर, म्हणजे जीआयसी आणि कंपोझिट यांच्या मधला प्रकार, त्यातून कमी सुटतं; नेहमीच्या कंपोझिटमधून, म्हणजे रेझिनच्या दातरंगी फिलिंगमधून, जवळपास नाहीच.

हा साठा पुन्हा भरता येतो, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. ब्रश करताना पेस्टमधलं फ्लोराइड फिलिंग शोषून घेतं आणि नंतर हळूहळू सोडतं. बिनफ्लोराइडची पेस्ट वापरणाऱ्यांना हा फायदा मिळत नाही. दवाखान्यात फ्लोराइड जेल लावणार असतील तर जीआयसी भरलंय हे आधी सांगा. आम्लयुक्त जेलने त्याचा पृष्ठभाग खरखरीत होतो.

आसपासच्या दाताला संरक्षण मिळतं, असं प्रयोगशाळेत दिसतं. प्रत्यक्ष तोंडातले निष्कर्ष इतके एकमुखी नाहीत. म्हणून केवळ फ्लोराइडसाठी चावायच्या दाढेतल्या मोठ्या खड्ड्यात जीआयसी भरायचा आग्रह धरू नका. ते लवकर झिजतं, कधी तुटतंही. तिथे कंपोझिट बरं. दुधाचे दात, हिरडीलगतचे खड्डे, उतारवयात मुळांवर लागलेली कीड किंवा दात पूर्ण कोरडा ठेवणं अवघड असेल अशी जागा, इथे आम्ही जीआयसीच सुचवतो. ते दाताला स्वतःहून चिकटतं, हा त्याचा खरा गुण.

भरल्यावर पहिला दिवस त्या बाजूने कडक काही चावू नका. पुढे कधी कडेला काळी रेघ दिसली, अन्न अडकू लागलं किंवा गार-गोड झोंबू लागलं, तर दाखवून जा.